ऑफिसचा कॉम्प्युटर: फॉर्मॅट परत मधेच पडलं

सी-१०१ सचिव (सकाळी ८:४०): नमस्कार मंडळी. सोसायटीच्या ऑफिसचा कॉम्प्युटर रात्री परत अडकला. विंडोज टाकताना सी ड्राइव्हला फॉर्मॅट दाबलं की चक्र फिरत राहतंय अन् मग एरर येयलाय. ही तिसरी वेळ. दुकानातला पोरगा म्हणतो हार्ड डिस्क गेली, नवीन घ्या. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे, १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. कुणाला कळत असेल तर सांगा.

ए-२०४ खजिनदार: २०१९ पासूनचा सगळा हिशेब डी ड्राइव्हला आहे. आधी तो बाहेर काढा.

सी-४०२: एवढं काय त्यात. शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडते. डिस्कपार्ट, सिलेक्ट डिस्क ०, क्लीन. दोन मिनिटांचं काम आहे.

ए-५०३ ताई: काका, क्लीन कुणीही मारू नका! ते एका ड्राइव्हपुरतं नसतं, अख्ख्या डिस्कचा पार्टिशन टेबल, म्हणजे कुठला भाग कुठं आहे त्याची यादीच पुसतं. सीसोबत डीसुद्धा दिसेनासा होईल. सचिव सर, एररचा नंबर काय आहे?

सी-१०१ सचिव: शेवटी ०४५डी आहे.

ए-५०३ ताई: म्हणजे इनपुट-आउटपुट एरर. विंडोजनं लिहायला सांगितलं आणि डिस्कपर्यंत ते नीट पोचलं नाही. डिस्क खराब असेल, केबल असेल, मदरबोर्डावरचं पोर्ट असेल नाहीतर पॉवर. नुसत्या एवढ्यावरून डिस्क गेली म्हणणं बरोबर नाही.

बी-३०२: ताई, माझ्या मते एसएमपीएस आहे, आत वीज पुरवतो तो डबा. मशीन २०१२ चं आहे. मल्टिमीटर लावून बघा. पिवळी-काळी वायर १२ व्होल्टची, ती ११.४ ते १२.६ मधी पाहिजे. लाल-काळी ५ व्होल्टची, ४.७५ ते ५.२५. मशीन चालू असताना, फॉर्मॅट दाबल्यावर मोजायचं. रिकामं मोजलं तर सगळं बरोबरच दिसतं.

बी-३०२: अन् मंडपाची लायटिंग ऑफिसच्याच बोर्डावरून ओढलीय, ते पण बघा. यूपीएसची बॅटरी बदला म्हणून मागच्या वर्षीच सांगितलं होतं.

डी-१०३ मंडळ: दादा, लायटिंग एलईडीची आहे, लोड काहीच नाही. दरवर्षी आमच्यावरच कामून येतंय सगळं?

सी-४०२: लोड नाही तर मग कॉमन मीटरचं बिल कसं वाढतं गणपतीत? सभेत हा विषय घ्या. टँकरचा पण घ्या.

ए-२०४ खजिनदार: टँकरच्या पावत्यांची नोंद डी ड्राइव्हलाच आहे. आधी तो बाहेर काढा.

डी-१०३ मंडळ: बाप्पा येयलेत, विघ्न दूर करतील 🙏 लाइन दुपारपर्यंत दुसऱ्या बोर्डावर घेतो.

ए-५०३ ताई: धन्यवाद दादा, तेवढं कराच. फॉर्मॅट चालू असताना लाइट गेली तर अर्धवट लिहिलेलं पार्टिशन राहतं. बाकीच्यांना विनंती, टँकरचं नंतर बोलू. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट करून आणते. ते इन्स्टॉल न करता पेनवरूनच चालतं, डिस्कवर काही लिहीत नाही. त्यातून डिस्कचं स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वाचता येईल.

(दुपारी १२:१५)

ए-५०३ ताई: स्मार्ट वाचलं. रिअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले) ०, पेंडिंग सेक्टर (वाचता न येणारे, संशयित) ०. पण यूडीएमए सीआरसी एरर, म्हणजे केबलमधून जाताना झालेल्या चुका, १,८४६! डिस्कची प्लेट चांगली आहे, वाटेत डेटा बिघडायलाय. दादा, कॅबिनेट उघडून साटा केबल, डिस्क मदरबोर्डाला जोडणारी, बघता का?

बी-३०२: उघडलं. लाल केबल डीव्हीडीच्या मागं काटकोनात दुमडून झिपटायनं आवळलीय. डिस्ककडच्या टोकाची क्लिप तुटलेली, बोट लावलं की हलतंय. मदरबोर्डावरचे कपॅसिटर सपाट आहेत, कुठंच फुगलेले नाहीत. १२ ची लाइन ११.९ देतेय. एसएमपीएसबद्दल माझा अंदाज चुकला, ताईंचं बरोबर.

ए-५०३ ताई: क्लिपची नवीन केबल लावा आणि मदरबोर्डावर दुसऱ्या पोर्टला जोडा. सीआरसीचा आकडा नवीन केबलनंसुद्धा खाली येत नसतो. तो १,८४६ वरच थांबला पाहिजे, पुढं सरकला तर दोष अजून आहे समजायचं.

सी-४०२: म्हणजे नवीन डिस्कचे पैसे वाचले. दुकानवाल्याला काय म्हणावं आता.

ए-२०४ खजिनदार: डी ड्राइव्ह?

बी-३०२: काका, केबल लावली की पहिलं तेच.

(दुपारी १:५०)

ए-५०३ ताई: काका, डी ड्राइव्ह उघडला. हिशेबाचं फोल्डर, टँकरच्या पावत्या, सभासद नोंदवही, सगळं १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर घेतलं. फोल्डर उघडून फाइल बघितल्या. सीआरसी १,८४६ वरच आहे. पेंडिंग सेक्टर असते तर अशी साधी कॉपी केली नसती, डीडीरेस्क्यू या प्रोग्रामनं आधी अख्ख्या डिस्कची प्रत काढली असती. मरायला टेकलेली डिस्क फाइलींच्या मागं फिरवली की लवकर जाते.

ए-२०४ खजिनदार: देवासारखी धावून आलीस ताई. आणखी एक प्रत माझ्या पेनड्राइव्हवर द्या.

सी-१०१ सचिव: आता विंडोज टाकायला बसलोय. नवीनच म्हणतंय, डिस्कवर एमबीआर टेबल आहे, इथं टाकता येत नाही. सी-४०२ क्लीनच करा म्हणायलेत.

ए-५०३ ताई: गरज नाही सर. एमबीआर ही पार्टिशन टेबलची जुनी पद्धत, जीपीटी नवी. पेनड्राइव्ह यूईएफआयमधून, म्हणजे सुरू व्हायच्या नव्या पद्धतीनं सुरू झालाय, त्याला जीपीटी डिस्क लागते. रीस्टार्ट करून बूट मेन्यूत जा. तिथं पेनचं नाव दोनदा दिसेल. ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलेलं नाही ते निवडा. ५०० जीबीच्या डिस्कला एमबीआर चालतं, त्याची हद्द २ टीबी आहे.

बी-३०२: थांबा सर, बायोसमधी, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमधी, तारीख काय दाखवायलंय?

सी-१०१ सचिव: १ जानेवारी २०१२.

बी-३०२: सेल गेलाय. सीआर२०३२ टाका, ३ व्होल्टचा चपटा सेल. तो गेला की बायोसची सेटिंग पुसते, म्हणून साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, जुन्या आयडीईवर आलाय. नवी एएचसीआय करायची तर आत्ताच, विंडोज टाकायच्या आधी. नंतर बदललं तर सुरू होताना निळी स्क्रीन येते.

ए-५०३ ताई: फॉर्मॅट फक्त सीला. नावं सेटअपमध्ये दिसत नाहीत, आकारावरून ओळखा, सी १०० जीबीचा आहे. आणि विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेत, ११ या मशीनवर अधिकृत चालत नाही. म्हणून हिशेबापुरतंच वापरा, बँकेचे व्यवहार त्यावर नकोत.

(संध्याकाळी ५:३५)

सी-१०१ सचिव: फॉर्मॅट १० सेकंदांत झालं. विंडोज बसलं. डी जागेवर आहे.

ए-२०४ खजिनदार: पेनड्राइव्ह घेऊन खाली आलोय, ऑफिसचं कुलूप उघडं ठेवा.

सी-४०२: सर, यूपीएसची बॅटरी अन् टँकर, दोन्ही विषय नोटिशीत घ्या.