मुलीच्या विद्यापीठातील ज्यू मैत्रीण आणि ‘आधी भूमिका सांग’ ही अट

धरमपेठची आई (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका विद्यापीठात एम. एस. करत आहे. तिच्या प्रयोगशाळेत एक ज्यू मुलगी आहे. तिच्या गळ्यात सहा टोकांच्या ताऱ्याची, म्हणजे ज्यूंच्या चिन्हाची, बारीक साखळी असते आणि बसमध्ये चढण्यापूर्वी ती साखळी ती न चुकता कॉलरच्या आत सरकवते, हे माझ्या मुलीच्या बऱ्याच दिवसांपासून लक्षात आले होते. गेल्या आठवड्यात एका प्रकल्पासाठी गट पाडायचे होते. त्या वेळी एकाने व्हॉट्सॲपवर लिहिले की, गाझाबद्दलची आपली भूमिका तिने आधी स्पष्ट करावी, मग तिला गटात घेऊ. प्रकल्प सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा होता. त्या मुलीने इस्रायलविषयी वर्गात कधी चकार शब्द काढलेला नव्हता आणि अशी अट दुसऱ्या कोणालाही घातलेली नव्हती.

माझी मुलगी त्या वेळी गप्प राहिली आणि रात्री फोनवर रडली. गाझात मारल्या जाणाऱ्या मुलांसाठी निघालेल्या मोर्चात ती स्वतः गेली होती आणि त्याचा तिला जराही पश्चात्ताप नाही. मोर्चात चालणाऱ्या मुलीने या मैत्रिणीची बाजू घेतली तर ती दुटप्पी ठरते का, असे ती मला विचारते आहे. मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून इथे विचारत आहे.

इतिहासशिक्षक, महाल

ताई, दुटप्पी मुळीच ठरत नाही. मात्र हा प्रकार गाझाच्या युद्धातून जन्मलेला नाही, हे आपल्या मुलीला माहीत असावे, म्हणून थोडे मागे जाऊन लिहितो.

ज्यू विद्यार्थ्यांना दारातच अडवण्याची युक्ती विद्यापीठांनी फार पूर्वीच शोधून काढली होती. झारच्या रशियात 1887 पासून त्यांच्या प्रवेशावर मर्यादा होती. ज्यूंना वस्तीसाठी नेमून दिलेल्या प्रदेशात ती 10 टक्के, त्याबाहेर 5 टक्के आणि मॉस्को व सेंट पीटर्सबर्ग येथे अवघी 3 टक्के होती. हंगेरीने 1920 मध्ये तसाच कायदा केला. पोलंडमध्ये 1937 मध्ये ज्यू विद्यार्थ्यांसाठी वर्गातले वेगळे बाक ठरवून देण्यात आले, तेव्हा त्या बाकांवर बसण्यापेक्षा अनेकांनी तासभर उभे राहून व्याख्याने ऐकली, आणि काही पोलिश प्राध्यापकांनीही त्यांच्याबरोबर उभे राहणे पसंत केले. अमेरिका याला अपवाद नव्हती. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी 1922 मध्ये ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित करण्याचा प्रस्ताव मांडला. उघड कोट्याला विरोध झाला, पण त्याच सुमारास प्रवेश अर्जात आईचे माहेरचे आडनाव आणि वडिलांनी नाव बदलले आहे का, असे प्रश्न आले. आडनावावरून माणूस ओळखून त्याची जागा ठरवणे म्हणजे काय, हे नागपूरच्या वसतिगृहांत राहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. डॉ. आंबेडकरांनी ज्या नगरीत 1956 मध्ये दीक्षा दिली, तिथल्या मुलीला त्या अटीतली गोम आतूनच कळली असणार, आणि तिच्या रडण्याचे कारणही मला तेच वाटते.

हिंगणा रोड

मी स्वतः अमेरिकेत शिकून परत आलो आहे, त्यामुळे तिथल्या ज्यू विद्यार्थ्यांचे जगणे जवळून पाहिले आहे. बातम्यांत फक्त घोषणा आणि तंबू दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्या आयुष्याचा केंद्रबिंदू शुक्रवारचे रात्रीचे जेवण असतो. हिलेल नावाची त्यांची संस्था 1923 मध्ये, म्हणजे आपले नागपूर विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, इलिनॉय विद्यापीठात सुरू झाली आणि आज बहुतेक मोठ्या विद्यापीठांत तिची शाखा आहे. तिथे मेणबत्त्या लावतात, वेणीसारखा विणलेला पाव तोडून सगळ्यांना देतात, आणि धर्म न पाळणारी मुलेही घरची आठवण येते म्हणून येऊन बसतात. मीही अनेकदा जेवलो आहे. 7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यात सुमारे 1200 माणसे मारली गेली. त्यानंतर महिन्याच्या आतच कॉर्नेल विद्यापीठात ज्यूंच्या जेवणघरावर गोळीबार करण्याची धमकी ऑनलाइन देण्यात आली. धमकी देणारा तिथलाच विद्यार्थी निघाला आणि त्याला पुढे तुरुंगवास झाला. जेवायला जाताना भीती वाटणे ही राजकीय मतभेदाची गोष्ट राहत नाही.

कायद्याचेही सांगतो. अमेरिकेच्या 1964 च्या नागरी हक्क कायद्यातील ज्या कलमाखाली विद्यापीठांवर कारवाई होते, त्यात वंश, वर्ण आणि राष्ट्रीय मूळ यांचा उल्लेख आहे, धर्माचा नाही. तरीही समान वंशपरंपरेच्या आधारे ज्यू विद्यार्थ्यांना त्याचे संरक्षण मिळते. वंशपरंपरेमुळे एकाच विद्यार्थिनीला वेगळी अट घातली गेली असेल, तर विद्यापीठाच्या संबंधित कार्यालयाकडे तक्रार करता येते. आपल्या मुलीने तो संदेश जपून ठेवावा, पण तक्रार करायची की नाही हे त्या मुलीला ठरवू द्यावे.

रामदासपेठ

वरील दोन्ही प्रतिसाद पटले, तरी एक काळजी मांडतो. ज्यूद्वेष हा शब्द तिथे विरोधकांची तोंडे बंद करण्यासाठीही वापरला जात आहे. 2024 च्या वसंतात अमेरिकी विद्यापीठांतील गाझाच्या युद्धाविरोधी आंदोलनांत 3000 हून अधिक जणांना अटक झाली, आणि मार्च 2025 मध्ये ज्यूद्वेषाचेच कारण देऊन कोलंबिया विद्यापीठाचा सुमारे 40 कोटी डॉलरचा निधी सरकारने रद्द केला. इस्रायल सरकारवरची टीका आणि ज्यूंचा द्वेष यांच्यातली सीमा कोण ठरवणार?

हिंगणा रोड

आपली काळजी रास्त आहे. ज्यूद्वेषाच्या ज्या व्याख्येचा तिथे सर्वाधिक आधार घेतला जातो, ती आयएचआरए या ज्यू हत्याकांडाची स्मृती जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2016 मध्ये स्वीकारली. तिचा मूळ मसुदा लिहिण्यात पुढाकार घेणारे केनेथ स्टर्न हेच, विद्यापीठात बोलण्यावर निर्बंध घालण्यासाठी ती वापरू नये, असे सातत्याने सांगत आले आहेत. सीमा सोपी आहे असा माझा दावा नाही. कोलंबियात आंदोलकांनी उभारलेल्या तंबूंमध्ये ज्यू विद्यार्थीही होते आणि एप्रिल 2024 मध्ये त्यांनी तिथेच वल्हांडण या ज्यू सणाचे जेवण केले होते. त्याच परिसरात दुसऱ्या ज्यू विद्यार्थ्यांना ‘पोलंडला परत जा’ असेही ऐकावे लागले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु ताईंनी सांगितलेला प्रसंग त्या धूसर पट्ट्यात येतच नाही. तिथे कोणाच्या मतावर टीका झालेली नाही, कारण त्या मुलीने मत मांडलेलेच नव्हते.

अजनी रेल्वे वसाहत

हा धागा मी दोन दिवस वाचत होतो. मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातला आहे. आमचे पूर्वज कोकणात अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले असे आम्ही मानतो. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. वडील रेल्वेत असल्याने मी नागपुरात वाढलो.

मला इथे कोणी कधी मारले नाही, हाकलले नाही, आणि हे मी कृतज्ञतेने लिहितो. आमचा समाज या भूमीत सुखाने राहिला. मात्र एक अनुभव सांगावासा वाटतो. महाविद्यालयात असताना पश्चिम आशियात काही घडले की कोणीतरी पाठीवर थाप मारून ‘तुमच्या लोकांनी छान धडा शिकवला’ असे म्हणे, आणि तेवढ्यात दुसरा कोणी ‘तुमच्या लोकांनी हे काय चालवले आहे’ असे विचारी. थाप मारणारा मला मित्र समजत होता, यात शंका नाही. तरी दोघेही माझ्याशी बोलत नव्हते. ज्या देशात मी पाऊलही ठेवले नव्हते, त्या देशाशी ते माझ्या खांद्यावरून बोलत होते. आजही बर्डीच्या फुटपाथवर हिटलरचे आत्मचरित्र स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांच्या शेजारी मांडलेले दिसते आणि कडक मास्तरांना मुले सहज हिटलर म्हणतात. त्यामागे द्वेष नसतो, हे मला ठाऊक आहे. पण हिटलरच्या राजवटीत 60 लाख ज्यू माणसे मारली गेल्याचे ज्ञानही त्यामागे नसते, आणि अशी मुले पुढे परदेशी जातात तेव्हा समोरच्या मुलीने साखळी का लपवली, हे त्यांना कळत नाही. ताई, आपल्या मुलीला ते दिसले, याचे मला फार मोल वाटते.

तिने त्या मैत्रिणीला मराठी बोलणाऱ्या ज्यूंबद्दल जरूर सांगावे. आमच्याकडे शुभप्रसंगी संदेष्टा एलियाहूच्या नावाने मलिदा करतात. पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि फळे घातलेले ते ताट तिने कधी पाहिले नसेल.

धरमपेठची आई

सर्वांचे मनापासून आभार. सर्व प्रतिसाद मी मुलीला वाचून दाखवले. तिने काल गटाला लिहिले की, अट सर्वांना लागू नसेल तर ती कोणालाच लागू नसावी, आणि ती व तिची मैत्रीण मिळून वेगळा गट करत आहेत. त्यांच्या गटात आणखी दोघे आले. त्यातला एक जण मोर्चात तिच्या शेजारी चालला होता.

शुक्रवारी ती हिलेलमध्ये जेवायला जाणार आहे आणि मलिदा करून नेण्याचे तिने मनावर घेतले आहे. अजनीचे दादा, तिला तिथे पातळ पोहे मिळाले आहेत, जाड नाहीत. ते भिजवावेत की नुसता पाण्याचा हबका मारावा, तेवढे कृपया कळवावे.