कमकुवत खडकात रोड टनेलचा स्पीड वाढवायचा कसा?

फेसवाला:
दोन लेनचा टनेल, खडक फिलाइट (पातळ पापुद्र्यांचा), मधेमधे शिअर झोन (खडक घसरून चुरडलेले पट्टे), हातात घेतला तर चुरा होतो. हेडिंग आणि बेंच (आधी वरचा भाग, मग खालचा) अशी खुदाई चालूय, राउंड (एका वेळी पुढे खोदायची लांबी) 1 मीटरच्या वर जात नाही. वरून सारखं एकच, राउंड लांब घ्या. अशा खडकात काम केलेल्यांनी सांगा, वेळ नक्की कुठे वाचतो?

जंबो_ऑपरेटर:
राउंड लांब घेऊ नका, हात जोडून सांगतो. असा खडक सपोर्टशिवाय फार वेळ तग धरत नाही, गर्डर (आधाराची लोखंडी कमान) बसायच्या आत माथा सुटला की ती पोकळी भरण्यात वाचवलेले सगळे दिवस जातात. त्यापेक्षा आठवडाभर सायकल टाइम लिहा, ड्रिलिंग, मक (खोदलेला दगड उपसणं), स्केलिंग (सुटे दगड पाडणं), शॉटक्रीट (फवारून लावायचं काँक्रीट), आणि एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंत फेस (खुदाईचं टोक) किती वेळ नुसता पडून असतो तेही. खरा वेळ तिथेच जातो, ट्रान्झिट मिक्सर उशिरा येतो, नोझलमन (शॉटक्रीट फवारणारा) दुसऱ्या फेसवर अडकलेला असतो. वेट मिक्स (आधीच पाणी मिसळलेल्या) शॉटक्रीटचा प्लांट पोर्टललाच (टनेलच्या तोंडाशीच) हवा.

भूगर्भ_७:
वरच्याशी सहमत, पण पुढे काय आहे ते आधी कळलं पाहिजे. फेसपुढे 20-30 मीटरचे प्रोब होल (पुढचा खडक तपासायची भोकं) मारत चला आणि एकाची लांबी संपायच्या आत पुढचं मारा, पाणी लागलं तर तिथेच ड्रेन होल (पाणी काढायचं भोक). चुरा झोन येतोय हे आधी कळलं तर पाइप रूफचं (माथ्यावरून पुढे घुसवायच्या पाइपांच्या छताचं) सामान तयार असतं, नाहीतर झोन समोर आणि पाइप अजून ट्रकवर. पाइप रूफ साधारण 12-15 मीटरची, 3 मीटरच्या आसपास ओव्हरलॅप ठेवून. फेस पुढे फुगत असेल तर फायबरग्लासचे बोल्ट फेसमधेच मारा, खोदताना ते सहज तुटतात, स्टीलसारखे आडवे येत नाहीत.

रिंगबंद:
इन्व्हर्टबद्दल (टनेलच्या तळाच्या सपोर्टबद्दल) कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. हेडिंग खूप पुढे पळवलं आणि रिंग (सपोर्टचं पूर्ण वर्तुळ) उघडीच राहिली तर कन्व्हर्जन्स (भिंती आत सरकणं) थांबत नाही, मग गर्डर वाकतात, क्लिअरन्स (आतली लागणारी मोकळी जागा) जातो आणि झालेलं काम खरवडून परत करावं लागतं. रिंग लवकर बंद करा, लागलं तर हेडिंगलाच तात्पुरता इन्व्हर्ट टाका. डोंगराचा भार जास्त आणि खडक दाबत येणारा असेल तर उलट थोडी हालचाल होऊ द्यावी लागते, ऑस्ट्रियात 1970 च्या दशकात टाउअर्न रोड टनेलमधे शॉटक्रीटमधे लांबीच्या दिशेने मुद्दाम फटी ठेवल्या होत्या. तुमच्याकडे यातलं कुठलं चाललंय ते रीडिंगच सांगतील. कन्व्हर्जन्स रोज किती मिमी येतंय आणि इन्व्हर्ट फेसपासून किती मागे आहे, एवढं टाका इथे.