प्रतिभाताई आणि सुखोई

प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या ते निव्वळ नावापुरतं, असं काही जण म्हणतात; ते मत मला अजिबात पटत नाही. १९६२ साली, वयाच्या २७व्या वर्षी त्या जळगावातून आमदार झाल्या. पुढे मंत्रिपदं, विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद, मग राजस्थानचं राज्यपालपद. २००७ पर्यंत ४५ वर्षांचं सार्वजनिक आयुष्य पाठीशी होतं! परदेश दौऱ्यांच्या खर्चावर टीका झाली, ती रास्तच. पण तेवढ्यासाठी बाकीची कारकीर्द पुसू नका.

आणि आम्हा नाशिककरांना त्यांची एक गोष्ट फार जवळची. २५ नोव्हेंबर २००९ ला, ७४व्या वर्षी, त्यांनी पुण्याच्या लोहगाव हवाई तळावरून सुखोई या लढाऊ विमानातून उड्डाण केलं. सुखोई-३० एमकेआय आपल्या ओझरच्या एचएएलमध्ये (हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात) तयार होतात. ज्यांच्या घरातलं माणूस तिथे कामाला होतं, त्यांना विचारा त्या उड्डाणाचा फोटो पाहून काय वाटलं होतं.