आंद्रिचची कादंबरी ओटोमनद्वेषाची आहे का?

सांजवारा: नोबेलविजेता युगोस्लाव्ह लेखक इव्हो आंद्रिचची 'द्रिना नदीवरचा पूल' ही बोस्नियातल्या एका पुलाची कादंबरी म्हणजे निव्वळ ओटोमनविरोधी (तुर्की साम्राज्याविरुद्धचा) प्रचार आहे, असं काल इथे एकाने ठोकून दिलं. पुरावा म्हणे पुलाचं काम मोडू पाहणाऱ्या रादिसाव या शेतकऱ्याला सुळावर चढवण्याचा प्रसंग. त्यापुढे काय घडतं? बांधकामाचा मुकादम अबिदागा मजुरांचे पैसे खातो हे कळल्यावर वजीरच त्याला हटवतो. नवा आरिफ बेग मजुरी चोख देतो, लोक आपणहून कामाला येतात. पूर आल्यावर सर्ब, मुसलमान, ज्यू एकाच घरात रात्र काढतात. आणि अलिहोजा, गावातला मुसलमान दुकानदार! १८७८ मध्ये बोस्निया ताब्यात घ्यायला आलेल्या ऑस्ट्रियाशी लढणं फुकटचं मरण आहे, असं म्हटल्याबद्दल त्याचा कान कापियावर (पुलाच्या मधल्या रुंद, बसायच्या जागेवर) खिळ्याने ठोकतात. १९१४ मध्ये महायुद्धात पूल उडतो, तेव्हा शेवटचं पानही त्याचंच. द्वेष करणारा लेखक शेवट असा लिहीत नाही.

कोरडवाहू: असहमत. आंद्रिचने १९२४ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रात्सला डॉक्टरेट केली. बोस्नियाच्या आत्मिक जीवनावर तुर्की राजवटीचा परिणाम सर्वस्वी नकारात्मक झाला, हे त्या प्रबंधात त्याने स्वतः लिहिलंय. कादंबरीच्या सुरुवातीलाही १५१६ सालच्या रक्तकराची (तुर्कांनी ख्रिस्ती घरांतून कर म्हणून नेलेली) मुलं घोड्यांवरच्या टोपल्यांत, मागे रडणाऱ्या आया. एका अलिहोजाने ते पुसलं जात नाही. १९९२ मध्ये बोस्नियाच्या युद्धात याच पुलावर मुसलमानांच्या कत्तली झाल्या. बोस्नियातल्या वाचकाने हे विसरून वाचायचं का?

पानपलटू: १९७५ मध्ये वारलेल्या माणसावर १९९२ चं ओझं टाकू नका. आणि टोपलीतला तो मुलगाच पुढे पूल बांधणारा वजीर मेहमेद पाशा सोकोलोविच होतो, हे का गाळलंत?

कोरडवाहू: प्रबंधाला उत्तर द्या. शिवाय हाच माणूस १९३९ ते ४१ बर्लिनला युगोस्लाव्हियाचा राजदूत होता. २५ मार्च १९४१ ला जर्मनी, इटली, जपानच्या त्रिपक्षीय करारावर युगोस्लाव्हियाच्या सह्या झाल्या, तेव्हा व्हिएन्नात हजर!

नदीकाठ: अर्धी हकीकत सांगू नका. त्या करारात जाणं सरकारचा निर्णय होता. ६ एप्रिलला राजधानी बेलग्रेडवर जर्मन बॉम्ब पडले. जर्मनांनी त्याला स्वित्झर्लंडला जाऊ देण्याची तयारी दाखवली, पण सहकाऱ्यांना सोडून जायला तो तयार झाला नाही. बेलग्रेडला परतला, पेन्शन नाकारली, जर्मनधार्जिण्या आवाहनावर सही केली नाही आणि व्यापलेल्या शहरात काहीही छापू दिलं नाही. तिथेच खोलीत बसून ही धरून तीन कादंबऱ्या लिहिल्या. तिन्ही १९४५ मध्ये, शहर मुक्त झाल्यावर बाहेर आल्या.

कोरडवाहू: बरं, बर्लिनचा मुद्दा सोडतो. पण राजदूतपद त्याने स्वतः स्वीकारलं होतं, एवढं तरी लिहा.

नदीकाठ: लिहिलं. आता तुम्हीही लिहा की नोबेलचे पैसे त्याने बोस्नियातल्या ग्रंथालयांना दिले.

सांजवारा: बर्लिन पुरे! प्रबंधातलं मत कठोर आहे, मान्य. पण प्रबंधात एकच निवाडा आहे. कादंबरीत सोकोलोविचचा पूल सगळ्यांच्या उपयोगी पडतो, कापियावरच्या सोफ्यावर सगळ्या धर्मांचे लोक बसतात. वीस वर्षांत लेखक किती पुढे गेला ते मोजा.

कोरडवाहू: पुढे गेला, पण पूर्ण नाही. रादिसावच्या यातना तो पानोपानी लिहितो. तेवढी पानं आरिफ बेगला मिळाली का?