ब्लॅकहीथची रोडोडेंड्रॉनची बाग: कधी जावं?

नमस्कार मंडळी,

आईबाबा साताऱ्याहून आलेत, नोव्हेंबरअखेरपर्यंत इथे आहेत. सिडनीजवळ ब्लू माउंटन्समधल्या ब्लॅकहीथला स्वयंसेवक चालवतात ती रोडोडेंड्रॉनची (गुच्छांनी फुलणाऱ्या झुडपांची) बाग त्यांना दाखवायची आहे. बहर नक्की कधी असतो? बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना झेपेल का? आणखी दोन-तीन कुटुंबं यायला तयार आहेत.

— पॅरामाटाचा नवा सभासद

---

नमस्कार,

जरूर न्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेलात तर उत्तम. गावाचा रोडोडेंड्रॉन महोत्सव नोव्हेंबरच्या सुरुवातीला असतो, तेव्हा फार गर्दी होते. ब्लॅकहीथ १,०६५ मीटरवर आहे. सिडनीत घाम निघत असला तरी तिथे वारा बोचतो, आईबाबांचे स्वेटर विसरू नका.

बाग उताराची, तळाशी तळं. बाबांना खालपर्यंत उतरवू नका, वरच्या वाटेवरूनही भरपूर दिसतं. उंच युकॅलिप्टस तसेच ठेवून त्यांच्या सावलीत ही झुडपं लावली आहेत. त्यांना आम्लधर्मी माती, गारवा आणि गाळून आलेलं ऊन लागतं, ते सगळं तिथे आहे.

माझी आई आली होती तेव्हा एका लाल गुच्छासमोर थबकली. चारधामला बुरांशचं, म्हणजे तिथल्या लाल रोडोडेंड्रॉनच्या फुलांचं, सरबत प्यायली होती ती. म्हणाली, "अगं, हा तर बुरांशच!" आणि तिचं फारसं चुकलं नव्हतं. बागांमधल्या कितीतरी लाल संकरित जाती हिमालयातल्या बुरांशपासूनच आल्या आहेत. आपल्या सह्याद्रीत तो नाही, पण खाली दक्षिणेत निलगिरी पर्वतात आहे.

आता मुलांबद्दल. या झाडाची पानं-फुलं विषारी असतात. बुरांशचं सरबत पितात म्हणून इथलं काही तोंडात घालू देऊ नका. गजऱ्यासाठी किंवा देवासाठी फूल तोडू नका. वाट सोडून झाडाखालीही जाऊ नका: मुळं अगदी वरवर, चटईसारखी पसरलेली असतात, पावलांनी माती दाबली जाते. म्हणून तण खुरप्याने न काढता हाताने उपटतात.

मी तीन वर्षं वाळके गुच्छ काढायला जाते. गुच्छाचा देठ बुडाशी धरायचा, अंगठ्याने बाजूला वाकवायचा, की कट्‌कन सुटतो. त्याच्या अगदी खाली तांदळाच्या दाण्याएवढे नवे कोंब असतात, त्यांना नख लागता कामा नये. गुच्छ तसाच राहिला तर झाड बी धरण्यात ताकद घालवतं आणि पुढच्या वर्षी कळ्या कमी येतात. बोटं तासाभरात चिकट होतात, साबणानेही लवकर निघत नाही. शेजारी काम करणाऱ्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण त्यांच्या हातून एक कोंब दुखावलेला मी पाहिला नाही. तिथे माणसं कमी पडतात, हे मला फार लागतं. दाराशी देणगी देताना हात आखडू नका.

— वेंटवर्थव्हिलच्या काकू

---

काकू, खूप आभार. आईला वाचून दाखवलं. तिच्या अंगणात मोगरा आहे, वाळकी फुलं ती रोज खुडते. ती विचारतेय, तुम्ही पुढच्या वेळी कधी जाणार? तिला बघायला नाही, कामाला यायचंय. बाबा वर बाकावर बसतील, थर्मास सांभाळत.