सीझन संपला, आता त्याच टीव्हीवर सिनेमे आणि गाणी: पण सिनेमा मालिकेसारखा का दिसतो?

मैदानवेडा

पुढचा सामना दहा आठवड्यांनी. शनिवारी जमणारा सात-आठ जणांचा गट तोवर फुटू नये म्हणून सामन्यांऐवजी सिनेमे आणि गाणी लावायचं ठरलंय. आवडीनिवडीवरून वाद आहेतच, ते चालू द्या. पण त्याआधी तांत्रिक अडचणी सोडवायला हव्यात.

टीव्ही ५५ इंची, ४के, पॅनेल ६० हर्ट्झचं (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारं). चित्र ‘स्पोर्ट्स’ मोडवर. साउंडबार ३.१ (डावा, मधला, उजवा स्पीकर आणि जड आवाजाचा सबवूफर), ब्लूटूथने जोडलेला. बसायची जागा टीव्हीपासून ३ मीटरवर. सामना यावर झकास दिसतो. सिनेमा लावला की मात्र:

चित्र गुळगुळीत होतं, दुपारच्या मालिकेसारखं. मोठ्या पडद्यावरचा तो भारदस्तपणा जातो. संवाद पुटपुटल्यासारखे येतात, आवाज वाढवावा तर पुढच्याच मिनिटाला गर्दीचा जल्लोष कानठळ्या बसवतो. ओठ आणि शब्द जुळत नाहीत. आणि गाण्यांच्या यादीत एक गाणं हळू, दुसरं एकदम मोठं.

काय बदलायचं ते क्रमाने सांगा. शिवाय सुरुवातीला कोणते सिनेमे लावावेत तेही.

---

रिळवाला

चित्राचं मी सांगतो, आवाजाचं तारसप्तक सांगतील.

सामना आणि सिनेमा टीव्हीकडून नेमक्या उलट गोष्टी मागतात. सामन्याचं प्रक्षेपण सेकंदाला ५० किंवा ६० चित्रांचं असतं, कारण चेंडू धूसर न होता दिसला पाहिजे. सिनेमा बोलू लागला तेव्हापासून, म्हणजे १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून, सेकंदाला २४ फ्रेमवर, म्हणजे २४ चित्रांवर, चालत आलाय. स्पोर्ट्स मोडमध्ये टीव्ही या २४ फ्रेमच्या मधल्या फ्रेम स्वतः रचून घालतो. तुम्हाला जो मालिकेसारखा भास होतोय तो त्या रचलेल्या फ्रेममुळे. कंपनीगणिक नाव वेगळं: ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस. काम एकच.

आधी मोड बदला. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो घ्या (२०१९ मध्ये जाहीर झाला, त्यानंतरच्या बऱ्याच टीव्हींत आहे), नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’. मग मोशनच्या पानावर जाऊन खात्री करा, कारण काही टीव्ही सिनेमा मोडमध्येही हा प्रकार हळूच चालू ठेवतात. तिथे दोन पट्ट्या दिसल्या, डी-जडर (धक्के घालवणारी) आणि डी-ब्लर (धूसरपणा घालवणारी), तर गोंधळू नका. डी-जडर २४ फ्रेमच्या सिनेमाला हात लावतो, तो शून्यावर. डी-ब्लरचा संबंध ५०-६० फ्रेमच्या प्रक्षेपणाशी, तो सामन्यासाठी आहे तसाच राहू द्या.

पुढे शार्पनेस. स्पोर्ट्स मोडमध्ये ती चढवलेली असते. खेळाडूच्या खांद्याभोवती किंवा गोलपोस्टच्या कडेला बारीक पांढरी रेघ दिसते ना, ती चित्रात मुळात नसते, टीव्ही काढतो. शेवटची श्रेयनामावली थांबवून अक्षरांच्या कडा बघत शार्पनेस कमी करत जा आणि ती रेघ नाहीशी होईल तिथे थांबा. रंगाचं तापमान ‘वॉर्म’कडे न्या. पहिली पंधरा मिनिटं चित्र पिवळट वाटेल, कारण डोळ्याला सीझनभर निळसर पांढऱ्याची सवय झालीय. तेवढा वेळ धीर धरा, परत मागे फिरू नका.

ही तपासणी ‘रेजिंग बुल’वर करून बघा. मुष्टियोद्ध्यावरचा, १९८० चा, जवळजवळ सबंध कृष्णधवल. तापमान ‘कूल’वर असेल तर त्यातले करडे रंग सरळ निळे दिसतात, लपतच नाही. आणि रिंगमध्ये कॅमेऱ्यांचे फ्लॅश उडतात तिथे फ्रेम रचणारा टीव्ही पुरता गडबडतो. एका फ्रेममध्ये लख्ख उजेड, पुढच्यात अंधार; मधली फ्रेम काय रचणार? हाताच्या कडेला फाटल्यासारखे डाग दिसतात.

आणि ३ मीटर लांब आहे. ५५ इंची पडदा तिथून जेमतेम २३ अंशांत बसतो. सिनेमाला निदान ३० अंश हवेत, म्हणजे २.२ मीटर. खुर्च्या पुढे ओढा. रुंद पडद्याच्या सिनेमाला तर हे फारच लागतं: २.३९:१ चा (रुंदी उंचीच्या २.३९ पट) सिनेमा १६:९ टीव्हीवर उंचीचा ७४ टक्केच भाग वापरतो, ५५ इंचीवर सुमारे ५१ सेंटिमीटर. वरखाली काळ्या पट्ट्या येतात म्हणून झूम दाबू नका. झूम केलंत की रुंदीतला चौथा हिस्सा कापला जातो, आणि खेळाच्या सिनेमात कडेला उभा असलेला खेळाडूच नेमका चौकटीबाहेर जातो.

---

तारसप्तक

तुमच्या आवाजाच्या तक्रारींपैकी दोन एकट्या ब्लूटूथच्या आहेत.

३.१ साउंडबारला मधला स्पीकर असतो आणि सिनेमातले संवाद मुख्यतः मधल्याच वाहिनीवर येतात. पण टीव्हीकडून ब्लूटूथने फक्त दोन वाहिन्यांचा स्टिरिओ जातो. संवाद, पार्श्वसंगीत, गर्दी सगळं एकत्र कालवून. मधला स्पीकर मग त्यातून अंदाजाने संवाद वेगळे काढतो.

टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या ज्या खाचेवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवायची सोय) लिहिलंय तिथून साउंडबारच्या तशाच खाचेत केबल लावा. टीव्हीच्या आवाजाच्या पानावर आउटपुट एआरसी निवडा, सीईसी (जोडलेली यंत्रं एकमेकांना आज्ञा देतात ती सोय) चालू करा (बऱ्याच टीव्हींवर त्याशिवाय एआरसी जागाच होत नाही), आणि डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वरून ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’वर आणा. हे शेवटचं पाऊल बहुतेक जण विसरतात. साध्या एआरसीवर पीसीएम म्हणजे पुन्हा दोनच वाहिन्या, केबल लावूनही फरक शून्य. सिनेमाच्या आवाजाच्या यादीत ५.१ (पाच वाहिन्या आणि सबवूफरची एक) निवडा. साउंडबारवर ‘डॉल्बी’ असं उमटलं की जुळलं.

मग सेंटर, म्हणजे मधला स्पीकर, २ ते ३ डेसिबल वर. जास्त नको, संवाद डब्यातून आल्यासारखे होतात. तरीही जल्लोष अंगावर येत असेल तर ‘नाइट मोड’ लावा, तो मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज उचलतो. ‘स्टेडियम’ किंवा आभासी सराउंड असं काही चालू असेल तर बंद. गर्दीला घुमारा देण्यासाठी ते असतं, सिनेमात तोच घुमारा संवादांवर चढतो.

ओठांचं: ब्लूटूथचा उशीर सहज १५० ते २०० मिलिसेकंद, म्हणजे सिनेमाच्या चार-पाच फ्रेम. आवाज मागे पडणं माणसाला साधारण १२५ मिलिसेकंदांनंतर जाणवतं, पुढे जाणं मात्र ४५ लाच. मैदानात ८० मीटरवरच्या बॅटचा टोला पाव सेकंदाने ऐकू येतो आणि कोणाचं काही बिघडत नाही. आधी दिसतं, मग ऐकू येतं, ही सवय जन्मापासूनची. उलटा क्रम लगेच खटकतो.

म्हणून एक काळजी घ्या. टीव्हीतली ‘ऑडिओ डिले’ची पट्टी बहुधा आवाज फक्त *मागे* ढकलते. ब्लूटूथवर आवाज आधीच मागे आहे, ती पट्टी सरकवून तो आणखी मागे जाईल. केबल लावल्यावर ती शून्यावर आणा आणि जवळून घेतलेल्या चेहऱ्याच्या प्रसंगावर तपासा. ‘प’, ‘ब’, ‘म’ या अक्षरांना ओठ मिटतात, तिथे चूक लगेच कळते.

---

मैदानवेडा

केबल लावली, आउटपुट पीसीएमवरच होतं, ते बदललं. संवाद स्वच्छ. ओठही जुळले. चित्र सिनेमासारखं झालं, पण आता कॅमेरा मैदानावरून आडवा फिरतो तेव्हा चित्र धक्के खात जातं. हे आधी नव्हतं. काही चुकलं का?

---

रिळवाला

चुकलं नाही, झाकलेलं होतं ते उघडं पडलं. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून ६० हर्ट्झवर एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवतात: एक १/२० सेकंद, दुसरी १/३० सेकंद. स्थिर प्रसंगात कळत नाही, आडव्या फिरणाऱ्या कॅमेऱ्यात ती लंगडी चाल दिसते. १२० हर्ट्झच्या पॅनेलवर प्रत्येक फ्रेम पाचदा, म्हणून तिथे ही अडचण नाही.

तुमच्याकडे दोन उपाय. सिनेमा बाहेरच्या बॉक्समधून येत असेल तर त्यात ‘मॅच फ्रेम रेट’ चालू करा, बॉक्स टीव्हीला २४ पाठवेल. ६० हर्ट्झचे सगळे टीव्ही ते नीट हाताळतात असं नाही, एकदा करून बघा. जमलं नाही तर डी-जडर दहापैकी १ किंवा २. त्यापुढे गेलात की मालिका परत आली.

थोडा धक्का मात्र २४ फ्रेमचा स्वभावच आहे. छायाचित्रकारांचा ठोकताळा असा की एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत जायला सात सेकंद तरी लागावेत. खेळाच्या सिनेमात तो सर्रास मोडला जातो.

---

चौथा पंच

यादीकडे कोणी वळतच नाही, म्हणून मी सांगतो.

पहिल्या शनिवारी ‘रॉकी’. १९७६ चा, स्टेडीकॅम (चालत्या छायाचित्रकाराच्या अंगावरचा कॅमेरा स्थिर ठेवणारी जोडणी) वापरलेल्या अगदी सुरुवातीच्या सिनेमांतला. मुष्टियोद्धा रॉकी फिलाडेल्फियातल्या त्या ७२ पायऱ्या चढतो तेव्हा कॅमेरा त्याच्यासोबत तरंगत जातो. ते तरंगणं हाताने कमावलेलं आहे, त्यावर टीव्हीचा गुळगुळीतपणा चढवणं हा अन्याय आहे. मोशन बंद केलंत हे फार बरं झालं.

दुसऱ्या शनिवारी ‘चॅरिअट्स ऑफ फायर’, १९८१. कथा १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची, आणि संगीत व्हँगेलिसचं, सिंथेसायझरवरचं. त्या काळाशी न जुळणारं वाद्य, तरी आज धावण्याचं दृश्य म्हटलं की कानात तीच धून वाजते. किनाऱ्यावरचा संथ गतीचा प्रसंग आवाज वाढवूनच बघा.

‘लगान’ शनिवारी उशिरा सुरू करू नका. २२४ मिनिटं आहेत, पावणेचार तास. आठला लावला तर मध्यंतरासकट मध्यरात्र होते, आणि खरी रंगत शेवटच्या सामन्यात, तेव्हा निम्मे लोक पेंगत असतात. सहाला सुरू करा.

आणि माझ्या मते सगळ्यांत वरचा: ‘सेना’, २०१०, फॉर्म्युला वन शर्यतपटू आयर्टन सेनावरचा माहितीपट. कॅमेऱ्यासमोर बसून आठवणी सांगणारे चेहरे नाहीत, जवळजवळ सगळं जुन्या चित्रफितींतून उभं केलंय. यात दाणेदार, धुरकट दृश्यं येतील. तेव्हा कोणी रिमोट घेऊन शार्पनेस वाढवायला जाईल, त्याला अडवा. जुन्या प्रक्षेपणात तपशील नसतोच, शार्पनेसने फक्त दाणे वाढतात. खेळाचा खरा चाहता अभिनेत्यांच्या शॉटपेक्षा खऱ्या शर्यतीतच जास्त अडकतो, असं माझं ठाम मत.

---

रिळवाला

‘सेना’ला माझंही मत. मात्र कोणी जुनी पाल (२५ फ्रेमच्या टीव्ही पद्धतीची) डीव्हीडी आणली तर बघून घ्या. त्यात २४ फ्रेमचा सिनेमा सहसा २५ वर पळवलेला असतो, म्हणून २२४ मिनिटांचा ‘लगान’ २१५ मध्ये आटोपतो. गाण्यांचा सूरही चढतो, हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या साधारण ७० टक्के.

---

तारसप्तक

तो चढ गाणाऱ्याला लगेच टोचतो. सोबत पेटी वाजवायची असेल तर कुठल्याच पट्टीत बसत नाही.

आता गाण्यांची यादी. जुनी ध्वनिमुद्रणं सरासरीने हळू असतात, १९९० नंतरची बरीचशी दाबून मोठी केलेली. ॲपमध्ये ‘व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन’ चालू करा. स्पॉटिफाय त्यात गाणी साधारण −१४ एलयूएफएसच्या (आवाजाचा सरासरी मोठेपणा मोजायचं एकक) पातळीवर आणतं. क्रॉसफेड (एक गाणं विरत असताना पुढचं सुरू होणं) ३ ते ४ सेकंद पुरे. बारापर्यंत नेता येतो, पण मग गाण्याची शेवटची ओळ पुढच्या तालाखाली जाते. मैफलीचं ध्वनिमुद्रण किंवा सबंध अल्बम लावताना शून्य.

खोली तपासायला दोन गाणी, दोन्ही मैदानावरचीच. क्वीनचं ‘वी विल रॉक यू’, १९७७. पाय, पाय, टाळी. ड्रमसेट नाही, मोजक्या माणसांचे आवाज थोड्या थोड्या उशिराने एकमेकांवर रचून गर्दी केलीय. टाळी कोरडी आणि टोकदार ऐकू आली पाहिजे. मागे घुमाऱ्याची शेपटी राहत असेल तर ती तुमच्या खोलीची आहे: जाड पडदा ओढा, समोर सतरंजी अंथरा.

दुसरं द व्हाइट स्ट्राइप्सचं ‘सेव्हन नेशन आर्मी’, २००३. स्टेडियममध्ये सगळे जी सात स्वरांची ओळ गातात ती बासवर वाजवलेली नाही. गिटारच आहे, पेडलने एक सप्तक खाली उतरवलेली. सातही स्वर सारख्या वजनाने यायला हवेत. एखादाच घुमला तर सबवूफर कोपऱ्यापासून ३० ते ६० सेंटिमीटर हलवून परत ऐका. आवाज कमी करून हे सुटत नाही.

---

मैदानवेडा

एकच स्वर घुमत होता, सबवूफर हलवल्यावर गेला. शेवटची शंका: दहा आठवड्यांनी सामन्याच्या दिवशी हे सगळं उलटं फिरवायचं का?

---

रिळवाला

नाही. बहुतेक टीव्ही चित्राची सेटिंग प्रत्येक इनपुटसाठी वेगळी ठेवतात. सामन्याचा सेट-टॉप बॉक्स एचडीएमआय १ वर स्पोर्ट्स मोडमध्ये, सिनेमाचा बॉक्स २ वर सिनेमा मोडमध्ये. एआरसीची खाच साउंडबारसाठी राखीव. मोड बदलताना ‘सगळ्या इनपुटना लागू करा’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा. टीव्हीच्या आतल्या ॲपची सेटिंग आणखी वेगळी असते, ती एकदा सिनेमा चालू असताना लावून घ्या.