कोहिमाच्या युद्धस्मशानभूमीत आमच्या मोठ्या आबांचं नाव असेल का?

माळपठारचा मास्तर

नमस्कार मंडळी. पुसद तालुक्यात माळपठारावर आमचं गाव. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, घरात सगळे त्यांना मोठे आबा म्हणतात, दुसऱ्या महायुद्धात पलटणीत भरती झाले आणि परत आले नाहीत. त्यांची मागे राहिलेली खूण म्हणजे सहा टोकांचा पितळी रंगाचा एक तारा, निळ्या-लाल-नारिंगी फितीचा. सोबत एक इंग्रजी पत्र होतं. घडीवर फाटून त्याची चाळण झाली आहे. 'कोहिमा' आणि 'मे' एवढं वाचता येतं, बाकी शाई उडाली. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, फक्त एवढंच सांगायची की ते खेचरांच्या कामावर होते.

कोणत्या दिवशी गेले ते कोणालाच ठाऊक नाही. म्हणून आम्ही सर्वपित्री अमावस्येला त्यांचं पान वाढतो आणि अक्षय तृतीयेला घागर भरताना नाव घेतो. माझ्या वडिलांनी आता वयाची सत्तरी ओलांडली आहे. त्यांना एकच ध्यास लागला आहे, मोठ्या आबांची खरी तिथी कळावी.

मी इंटरनेटवर कोहिमाच्या स्मशानभूमीचे फोटो पाहिले. मोठा क्रूस, नीट कापलेली हिरवळ, पाट्यांवर सगळी इंग्रजी नावं. गावात एकजण म्हणाले, तिथे गोऱ्यांच्याच कबरी आहेत, आपल्या माणसांना एकाच खड्ड्यात लोटलं. वडिलांनी ते ऐकलं आणि त्या रात्री जेवले नाहीत. हे खरं आहे का? आणि नाव शोधायचं तर कुठून सुरुवात करू? कापूस विकून झाला की वडिलांना घेऊन तिकडे जायची माझी तयारी आहे, पण आधी खात्री हवी.

अमरावतीची ग्रंथपाल

सर, आधी तो तारा उलटा करून बघा. हिंदुस्थानी फौजेला दिलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर बहुधा शिपायाचा नंबर, नाव आणि दलाचं संक्षिप्त नाव ठोकलेलं असतं. फितीच्या वर्णनावरून तो बर्मा स्टार वाटतो. ब्रह्मदेशाबरोबर आसाम आणि बंगालच्या ठरावीक काळातल्या कामगिरीसाठीही तो मिळत असे, त्यामुळे कोहिमाशी जुळतं. घासून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात.

नंतर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे या युद्धस्मशानभूमी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर शोधा, फुकट आहे. पण आडनाव टाकून थांबू नका. आपल्या लोकांची नोंद कित्येकदा नुसत्या पहिल्या नावाने झालेली असते आणि वडिलांचं नाव, गाव, जिल्हा खाली 'अधिक माहिती'त असतं. जिल्ह्यांची तेव्हाची इंग्रजी अक्षरं लक्षात ठेवा. यवतमाळ म्हणजे वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल, अमरावती म्हणजे ए-एम-आर-ए-ओ-टी-आय. महाराष्ट्र शोधून काहीच मिळणार नाही, तेव्हा आपण मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतो.

नंबर मिळाला तर सगळ्यात उत्तम. नावाची अक्षरं दहा प्रकारे लिहिली जातात, नंबर एकच असतो.

कारंज्याचा ड्रायव्हर, एएससी (निवृत्त)

गुरुजी, रामराम. मी कारंजा लाडजवळचा. नोकरीची बरीच वर्षं दिमापूर-कोहिमा-इंफाळ या एकाच रस्त्यावर लष्कराची गाडी चालवली. कोहिमात मुक्काम पडला की मी त्या टेकडीवर जायचो. तुमच्या वडिलांसाठी लिहितो आहे, त्यांना वाचून दाखवा.

काकाजी, खड्ड्यात लोटलं हे खोटं आहे. गॅरिसन हिल नावाची ती टेकडी आहे आणि तिच्या उतारावर ओटे काढलेत, एकेक ओटा दोन-तीन पुरुष उंच. त्यांवर १,४२० कबरी आहेत. उभे दगड नाहीत. जमिनीलगत बुटका दगड आणि त्यावर ब्राँझची पाटी. अधिकारी असो की शिपाई, पाटी सारख्याच मापाची. आपले मुसलमान आणि ख्रिस्ती जवान दफन झाले, त्यांच्या पाट्या असतात. हिंदू आणि शीख जवानांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला. म्हणून त्यांची कबर नाही. त्यांची नावं टेकडीच्या अगदी माथ्यावर, दहन स्मारकावर कोरली आहेत. ९१७ नावं. फोटो काढणारे खालचा क्रूस आणि टेनिस कोर्ट टिपतात आणि परत फिरतात, वरपर्यंत फार थोडे चढतात. तुम्ही पाहिलेल्या फोटोंत आपली माणसं न दिसण्याचं कारण एवढंच आहे.

टेनिस कोर्ट म्हणतो कारण ती जागा मुळात स्मशानाची नव्हतीच. तिथे डेप्युटी कमिशनरचा बंगला होता, बाग होती, खेळायचं कोर्ट होतं. मार्च १९४४ मध्ये जनरल मुतागुची यांची जपानी फौज ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडून आली. त्यातली ३१वी डिव्हिजन, जनरल सातो यांची, कोहिमावर निघाली. कोहिमाच का, तर दिमापूरला रेल्वे आणि रसदीचं मोठं ठाणं आणि इंफाळला ब्रिटिशांची अख्खी फौज. या दोघांना जोडणारा रस्ता एकच, तो कोहिमावरून जातो. मी त्या रस्त्यावर गाडी चालवली आहे म्हणून सांगतो, एका वळणावर एक दरड कोसळली तरी सगळं ठप्प होतं. तो रस्ता ज्याच्या हातात, इंफाळ त्याच्या हातात.

आसाम रेजिमेंटच्या जवानांनी जेसामी आणि खरासोम इथे त्यांना काही दिवस थोपवून धरलं. ४ एप्रिलला कोहिमावर हल्ला सुरू झाला. आत सुमारे अडीच हजार माणसं, त्यातली हजारभर लढणारी नव्हतीच. पाणी तुटलं. टेनिस कोर्टाच्या एका बाजूला आपले, दुसऱ्या बाजूला जपानी, मधे जाळीएवढं अंतर, आणि बंदुकीपेक्षा हातबॉम्बच जास्त. जो जिथे पडला त्याला तिथेच पुरावं लागलं, कारण डोकं वर काढायची सोय नव्हती. २० एप्रिलपर्यंत कुमक पोहोचली आणि वेढा उठला. लोकांना वाटतं लढाई तिथे संपली. नाही संपली. जपानी आजूबाजूच्या कड्यावर पक्के बसले होते. कोर्टावरची त्यांची मोर्चेबंदी १३ मेला मोडली, तीही एक रणगाडा ओढत वर नेऊन जवळून गोळे मारले तेव्हा. इंफाळकडून येणारी फौज आणि कोहिमाकडून जाणारी फौज मैल १०९ च्या दगडापाशी भेटली ती २२ जूनला.

तुमच्या पत्रात 'मे' आहे. मे म्हणजे त्या डोंगरात पाऊस. मी मे महिन्यात तिथे चाकं रुतलेली पाहिली आहेत, ती डांबरी रस्ता झाल्यावर. तेव्हा तर मोटार रस्ता सोडून दहा पावलं जाऊ शकत नव्हती. दारूगोळा, पाणी, भाकरीचं पीठ वर चढवलं ते खेचरांनी आणि पाठीवर ओझं घेतलेल्या नागा लोकांनी. उतरताना त्याच नागा माणसांनी जखमी खाली आणले. खेचरांच्या कंपन्या रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कॉर्प्सच्या होत्या. आजची एएससी, म्हणजे आर्मी सर्व्हिस कॉर्प्स, ती हीच, रसद पोहोचवणारं माझं दल. मोठ्या आईचं बोलणं आणि पत्रातला महिना एकमेकांना धरून आहेत. गुरुजी, खेचर घेऊन जाणाऱ्याला खंदक नसतो. तो उघड्या पायवाटेवर असतो आणि गोळा पडला तरी त्याला जनावराचा लगाम सोडता येत नाही. ही लढाई नव्हे असं कोणी म्हणालं तर मला ते सहन होत नाही.

लढाईनंतर विखुरलेल्या कबरी एकत्र आणल्या आणि त्याच जागेवर स्मशानभूमी बांधली. कोर्टाच्या पांढऱ्या रेषा अजून आखलेल्या ठेवल्या आहेत. खाली २ऱ्या ब्रिटिश डिव्हिजनचा एक प्रचंड उभा दगड आहे, नागा लोक आपल्या मृतांसाठी उभारतात तसा. तो त्यांनीच ओढून आणला. त्यांची गावं या लढाईत जळाली आणि तरी त्यांनी तो दगड ओढला, हे मला फार मोठं वाटतं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नाव कोहिमात नसलं तर घाबरू नका. जखमी होऊन इंफाळकडे गेले असतील तर तिथल्या दहन स्मारकावर ८६८ नावं आहेत. देहच सापडला नसेल तर रंगूनजवळ तौक्यानच्या स्मारकावर बघा, तिथे जवळपास २७,००० नावं आहेत. लढाईच्या टापूबाहेर, मागच्या इस्पितळात वगैरे गेले असतील तर दिल्लीच्या युद्धस्मशानभूमीतल्या नोंदवहीत. शोध मात्र एकाच ठिकाणी करायचा, ताईंनी सांगितलेल्या संकेतस्थळावर. त्यात सगळी स्मारकं येतात.

आर्णी रोड

माहिती चांगली आहे, पण एक सल बोलून दाखवतो. १४ एप्रिल १९४४ ला, म्हणजे कोहिमाचा वेढा चालू असतानाच, मणिपुरात मोईरांगला आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला. ते जवानही त्याच डोंगरांत उपासमारीने, मलेरियाने मेले. त्यांच्यासाठी असे ओटे आणि ब्राँझच्या पाट्या कोणी केल्या? आमच्या घरात नेताजींचा फोटो देवघराशेजारी आहे. साम्राज्य राखायला गेलेल्यांची नावं जपायची आणि ते तोडायला गेलेल्यांची नाही, हे मला पटत नाही.

कारंज्याचा ड्रायव्हर, एएससी (निवृत्त)

दादा, तुमचा सल खरा आहे. त्या टेकडीवर आझाद हिंदच्या जवानांची नावं नाहीत आणि कुठेतरी नावानिशी ती असायलाच हवीत. यात माझं दुमत नाही. पण त्याची भरपाई म्हणून माळपठारच्या माणसाचं नाव पुसायचं नाही. १९४३-४४ साली कोरडवाहू शेतावरचं पोरगं भरतीला उभं राहिलं ते पगारासाठी, घरी मनीऑर्डर यावी म्हणून. आझाद हिंद सेनेतले कित्येक जण आधी त्याच ब्रिटिश हिंदी फौजेतले होते, सिंगापूरला कैद झालेले. सिंगापूरच्या जहाजावर कोण चढला आणि आसामच्या रेल्वेत कोण बसला, ते हुकमावर ठरलं. दोघांच्या आया इकडेच वाट बघत होत्या.

अमरावतीची ग्रंथपाल

आर्णी रोड यांच्या मुद्द्याला जोडून सांगते. नावं गाळण्याचा प्रश्न या कमिशनच्या स्वतःच्या इतिहासातही आहे. १९१७ साली ते स्थापन झालं तेव्हा धर्म, वर्ण, हुद्दा यावरून भेद करायचा नाही हे त्यांचं तत्त्व होतं. पहिल्या महायुद्धाच्या आशियाई आणि आफ्रिकी जवानांबाबत ते पाळलं गेलं नाही. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं नव्हती, तुकडीपुढे नुसती संख्या. एप्रिल २०२१ मध्ये कमिशनने अहवाल काढून हे कबूल केलं आणि माफी मागितली. कोणाचे पणजोबा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेले असतील तर शोध अवघड जातो, तो यामुळे. कोहिमा, इंफाळ दुसऱ्या महायुद्धाची, तिथे नावं आहेत.

माळपठारचा मास्तर

सगळ्यांना मनापासून नमस्कार. ताऱ्याच्या मागे खरंच अक्षरं निघाली. भिंगातून नंबर वाचला आणि त्यावरून नोंद सापडली. कोहिमा दहन स्मारक. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कॉर्प्स. तारीख मे १९४४ च्या मधली आहे. गावच्या गुरवांनी पंचांगाचं गणित मांडलं, वैशाख वद्यातली तिथी निघाली. कारंज्याच्या काकांचं पूर्ण उत्तर वडिलांना वाचून दाखवलं. 'अग्नी दिला' या ठिकाणी त्यांनी मला थांबवलं आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. यंदापासून पान त्या तिथीला वाढायचं ठरलं आहे.

आर्णी रोड दादा, तुमचा राग मला समजतो. आमच्या शाळेत २३ जानेवारीला मी मुलांना दोन्ही बाजूंची गोष्ट सांगणार आहे.

एक अडचण आहे. नोंदीत वडिलांचं नाव बरोबर आहे, पण गावाचं नाव भलतंच पडलं आहे, तालुकाही चुकला आहे. दुरुस्त होतं का? आणि वडिलांना घेऊन जायचं तर कधी जावं?

अमरावतीची ग्रंथपाल

होतं, कागद दाखवावा लागतो. संकेतस्थळावरूनच दुरुस्तीची विनंती पाठवता येते. तुमच्या आजोबांचा जुना शाळेचा दाखला किंवा त्या काळातला सातबारा, ज्यात दोन्ही भावांच्या वडिलांचं नाव आणि गाव एकत्र येतं, तो शोधा. कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल तहसीलमध्ये मिळाली तर फार चांगलं. ताऱ्याच्या मागच्या बाजूचा स्वच्छ उजेडातला फोटो जोडा. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर सोबत द्या. ते मी करून देईन, इथेच निरोप टाका.

कारंज्याचा ड्रायव्हर, एएससी (निवृत्त)

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, आकाश मोकळं असतं. नागालँडसाठी इनर लाइन परमिट आधी काढा, ते नसेल तर पुढे जाता येत नाही. दिमापूरपर्यंत रेल्वे, तिथून सुमो. काकाजींना गाडीत पुढे बसवा, वळणं फार आहेत. दहन स्मारकावर नावं तुकडीप्रमाणे लावली आहेत, आधी दलाचं नाव शोधा, मग त्याखाली आबांचं. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखत असतील तर प्रत्येक ओट्यावर बसत बसत चढा. स्वेटर जाडच घ्या, पुसदच्या थंडीच्या अंदाजाने जाऊ नका.